पवनेच्या पाण्याची जुळवणी

लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करणारा आपला समाज आहे, म्हणून दिवाळीच्या अंकात हिशेबाविषयी लिहायला हरकत नसावी. हा हिशेब मात्र पैशाचा नाही. तो पाण्याचा आहे आणि मी राहतो त्या संत तुकाराम नगरापुरताच तो मर्यादितही नाही. पण सुरुवात इथूनच करतो.

पिंपरी-चिंचवड शहराला २५ नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येते. आमच्या वसाहतीत त्या दिवसापासून पाण्यावर बोलणाऱ्यांची संख्या वाढली. कट्ट्यावर एक जण म्हणे, ‘धरण शंभर टक्के भरलंय, मग पाणी जातं कुठं?’ दुसरा सांगे, ‘माणशी दोनशे लिटरच्या वर पाणी उचलतात असं पेपरात होतं.’ तिसऱ्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर बादली भरायला वीस मिनिटे लागत. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. तिघांचे आकडे मात्र एकमेकांना मिळत नव्हते.

माझी पंचवीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. जलशास्त्र मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही. जे थोडे समजले ते अहवाल, लवादाचे निवाडे आणि शासन निर्णय वाचून. पण न मिळणारे आकडे समोर आले की काय करायचे असते, हे मला नोकरीने शिकवले होते. रोजकीर्दीतली बँकेची शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक महिनाअखेर कधीच सारखी नसते. म्हणून कोणी बँकेला चोर म्हणत नाही आणि रोखपालालाही म्हणत नाही. आपण जुळवणीपत्रक मांडतो. दिलेला पण न वटलेला धनादेश, बँकेने कापलेले पण आपण न लिहिलेले शुल्क, दुसऱ्याच्या खात्यावर चुकून पडलेली रक्कम अशा एकेक नोंदी लिहीत दोन शिल्लका एकत्र आणतो. तरीही काही उरले तर ते उचंत खात्यात ठेवतो आणि शोध चालू ठेवतो.

पवनेच्या पाण्याला हीच रीत लावली तर काय दिसते, हे या लेखात पाहायचे आहे.

एकच पाणी, चार मापे

पहिला घोळ मापांचा. जलसंपदा विभाग धरणातला साठा टीएमसी म्हणजे अब्ज घनफुटांत सांगतो, किंवा दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. नदीत सोडलेला विसर्ग क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट या मापात असतो. महापालिका एमएलडीत बोलते. म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर. आणि नागरिकाला कळते ते माणशी लिटर. यांतली पहिली दोन मापे साठ्याची आहेत आणि बाकीची वेगाची. साठा म्हणजे बँकेतली शिल्लक, वेग म्हणजे रोजचा खर्च. या दोहोंची थेट तुलना करता येत नाही, मध्ये दिवसांची संख्या यावी लागते.

एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर. एक क्युसेक चोवीस तास वाहिला तर सुमारे २.४५ एमएलडी पाणी होते. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, की निम्मे वाद मिटतात.

पवना धरणाचा उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी, म्हणजे सुमारे २४१ दलघमी. रावेतच्या बंधाऱ्यातून शहरासाठी रोज उचलल्या जाणाऱ्या पाण्याचा आकडा गेली काही वर्षे बातम्यांत ५१० एमएलडीच्या आसपास येतो. ५१० एमएलडीला ३६५ ने गुणले तर १८६ दलघमी होतात, म्हणजे ६.५७ टीएमसी. यावरून कोणीही म्हणेल, की धरणाच्या साठ्यातला तीनचतुर्थांशाहून अधिक भाग एकटे शहर पिऊन टाकते. मावळातल्या सभांत असे वाक्य बोलले गेले तर त्यात नवल नाही. पण या गुणाकारात एक चूक दडलेली आहे आणि ती मापाची नसून वर्षाची आहे.

वर्ष कोणाचे?

महापालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, कारण तिचा अर्थसंकल्प तसा असतो. महाराष्ट्राचे सिंचन वर्ष १ जुलैपासून ३० जूनपर्यंतचे. कृष्णा पाणीतंटा लवादाने मानलेले जलवर्ष १ जून ते ३१ मे. जनगणनेचे तर दशक असते. एकाच नदीचे पाणी या चार दिनदर्शिकांत वाटले गेले आहे.

पावसाळ्यात पवना स्वतःच वाहत असते. धरणाखालचे ओढे, नाले तिला मिळतात. धरण भरत आले की सांडव्यावरून पाणी सोडावेच लागते. त्या दिवसांत रावेतला उचललेले पाणी धरणाच्या साठ्यातून वजा होत नाही. ते वाहून जाणाऱ्या पाण्यातले असते. साठ्याचा खरा हिशेब १५ ऑक्टोबरला सुरू होतो. पाऊस सरलेला असतो, धरणात जे आहे ते शिल्लक म्हणून मांडले जाते आणि रब्बी, उन्हाळा व पिण्याचे पाणी यांचे नियोजन त्यावर होते.

१५ ऑक्टोबर ते ३० जून हे २५९ दिवस होतात. ५१० एमएलडीने २५९ दिवस उचल केली तर १३२ दलघमी, म्हणजे ४.६६ टीएमसी. पूर्ण वर्षाचा आकडा होता ६.५७. दोन्हींत १.९१ टीएमसीचा फरक पडला, आणि एक थेंबही इकडचा तिकडे झाला नाही. रोजची उचल तीच, पंप तेच, शहर तेच. बदलला फक्त मोजायचा कालावधी. शहराची बाजू मांडणारा लहान आकडा घेईल, शेतकऱ्याची बाजू मांडणारा मोठा घेईल. दोघांचाही गुणाकार बरोबर असेल.

जुळवणीपत्रकातली ही पहिली ओळ: ‘पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यातून उचल, १.९१ टीएमसी.’ ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तीतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. जून कोरडा गेला तर त्या महिन्याची उचल साठ्यातून होते आणि ऑक्टोबरात पाऊस लांबला तर होत नाही. म्हणून हा आकडा दरवर्षी नव्याने काढावा लागतो, गेल्या वर्षीचा उतरवून घेऊन चालत नाही.

शंभर टक्के म्हणजे किती?

धरणातले पाणी कोणी मापाने मोजत नाही. मोजली जाते ती पाण्याची पातळी. समुद्रसपाटीपासून अमुक मीटर पातळी असेल तर साठा तमुक, असा तक्ता धरण बांधताना दरीच्या मोजणीवरून तयार केलेला असतो. पट्टीवरची पातळी वाचायची आणि तक्त्यातून साठा काढायचा, ही रीत. पवना धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकाच्या प्रारंभी. तेव्हापासून दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरची माती धरणात येते. पातळी तीच राहिली तरी तळ वर येतो आणि त्या पातळीला मावणारे पाणी कमी होते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था राज्यातल्या जलाशयांच्या गाळाची सर्वेक्षणे करते ती यासाठीच. नवे सर्वेक्षण झाले आणि जुना तक्ता बदलला की एका रात्रीत कागदावरचा साठा कमी झाल्यासारखा दिसतो. पाणी त्या रात्री गेलेले नसते. ते अनेक वर्षांपासून नव्हतेच.

शिवाय ‘साठा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तळाशी असलेले, दरवाज्यातून बाहेर काढता न येणारे पाणी म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरचा तो उपयुक्त साठा. दोन्ही मिळून एकूण साठा. शंभर टक्के भरल्याची बातमी सहसा उपयुक्त साठ्याची असते, पण आकडा कधी एकूण साठ्याचा छापला जातो. उजनी धरणाचे उदाहरण पाहावे. तिथे एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त ५३.५७ आणि मृतसाठा ६३.६६. ‘उजनी वजा’ अशी बातमी उन्हाळ्यात येते, तेव्हा धरणात पन्नास टीएमसीच्या वर पाणी असू शकते. ज्याला हे माहीत नाही त्याला ती बातमी चुकीची वाटेल, ज्याला माहीत आहे त्याला धरणाकडे पाहून धीर येणार नाही.

नावांचाही गोंधळ होतो. आंद्रा नदीवर टाटा कंपनीचे ठोकरवाडी धरण आहे. त्याचे पाणी बोगद्याने घाट उतरून भिवपुरीच्या वीजघरात जाते आणि कोकणातच राहते. त्याच आंद्रेच्या खोऱ्यात खाली जलसंपदा विभागाचे आंद्रा धरण आहे. त्याचे पाणी इंद्रायणीत येते आणि निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचलून चिखलीला शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडला मिळते. ‘आंद्राचे पाणी’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याने कोणते समजावे?

आंद्रामधून शहराला वर्षाला ३६.८७ दलघमी आणि भामा आसखेडमधून ६०.७९ दलघमी आरक्षण आहे. महापालिका यालाच १०० आणि १६७ एमएलडी म्हणते. भागाकार केला तर हे आकडे मिळतात. पण आरक्षण म्हणजे मंजुरी, प्रत्यक्ष नळाला आलेले पाणी नव्हे. जलवाहिनी, जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र हे सगळे पुरे होईपर्यंत मंजूर पाणी कागदावरच्या न वटलेल्या धनादेशासारखे असते. शहराच्या ‘उपलब्ध पाण्या’च्या बेरजेत ते धरले की दरडोई आकडा फुगतो आणि पाहणाऱ्याला नळाची धार आणखीच बारीक वाटते.

धरण ते रावेत

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पवना धरणाचे पाणी शहराकडे नदीतूनच येते. धरणातून सोडायचे, पवन मावळातून वाहू द्यायचे आणि रावेतच्या बंधाऱ्यात अडवून उचलायचे, अशी ही व्यवस्था. तिथून ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या शुद्धीकरण केंद्रात जाते. म्हणजे एका पाण्याची नोंद दोन ठिकाणी होते, धरणाच्या पायथ्याशी सुटताना आणि रावेतला उचलताना. पहिली नोंद जलसंपदा विभागाची, दुसरी पंपघराची. या दोन नोंदी मिळत नाहीत आणि मिळू शकतही नाहीत.

मधल्या फरकात काय काय आहे ते लिहून पाहावे. नदीकाठच्या शेतकऱ्यांचे वीजपंप आहेत. पाणीपट्टी भरून, परवाना घेऊन केलेला उपसा आहे आणि काही विनापरवानाही असेल. तळेगाव, देहूरोड यांसारख्या वस्त्यांचा आणि औद्योगिक विकास महामंडळाचा उपसा आहे. पात्रातल्या बंधाऱ्यांमागे साठून राहिलेले पाणी आहे. उन्हाने होणारे बाष्पीभवन आहे. काठच्या मातीत मुरून विहिरींना लागणारे पाणी आहे. सोडलेले पाणी पोचायला लागणारा वेळ आहे, त्यामुळे आजची सोड आजच्या उचलीत दिसत नाही. उलट बाजूने, अवकाळी पाऊस झाला तर ओढ्यांतून आलेले पाणी रावेतला जास्तीचे मिळते. इतक्या बाबी असून सरकारी बोलण्यात त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे: ‘गळती’. कधी कधी ‘चोरी’.

शहराच्या वहीत जी गळती आहे, तीच मावळाच्या वहीत पाणीपुरवठा आहे. हा एकच मुद्दा समजायला मला फार वर्षे लागली. एकाच नोंदीला दोन नावे आहेत आणि नाव कोणते लावायचे हे वही कोणाची आहे यावर ठरते.

धरणापासून निगडीपर्यंत बंदिस्त जलवाहिनी टाकण्याची योजना याच फरकावर उभी होती. नळातून पाणी आणले तर वाटेतली घट वाचेल, पाणी स्वच्छ येईल, उचलीची वीज वाचेल असे तिचे म्हणणे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात खोटे काही नव्हते. पण ‘वाचलेले’ पाणी हवेतून येणार नव्हते. बाष्पीभवनाचा भाग खरोखर वाचला असता. बाकीचा काठच्या पंपांतून, विहिरींतून आणि नदीच्या वाहत्या धारेतून वजा झाला असता. कोणत्या बाबीचे किती, याची फोड त्या वेळी दोन्ही बाजूंनी एकत्र बसून केली असती, तर वाटाघाटीला काहीतरी आधार राहिला असता. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ मावळातले शेतकरी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. त्यांत एक बाई होती. योजना पुढे कित्येक वर्षे थांबली.

गोळीबाराची कारणे हिशेबात शोधणे बरोबर नाही. त्यात जमीन होती, धरणग्रस्तांचे रखडलेले पुनर्वसन होते, राजकारण होते. पण एवढे म्हणता येते, की ज्या पाण्यावरून माणसे मेली त्या पाण्याला दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एक आकडा नव्हता.

मोजण्याची साधनेही बिनचूक नसतात, हेही इथे सांगायला हवे. समजा पंपघरातला मीटर दोन टक्क्यांपर्यंत चुकतो. चांगल्या मीटरला एवढी सूट द्यावी लागते. ५१० एमएलडीचे दोन टक्के म्हणजे १०.२ एमएलडी. माणशी १३५ लिटरने हे सुमारे ७५ हजार लोकांचे दिवसाचे पाणी होते. म्हणजे कोणीही लबाडी न करता, कुठेही नळ न फुटता, एका लहान शहराएवढे पाणी वहीत जास्त किंवा कमी दिसू शकते. नदीत सोडलेला विसर्ग पातळीवरून अंदाजला जात असेल, तर चूक याहून मोठी असते.

रावेत ते नळ

शहराच्या हद्दीत आल्यावर हिशेब सोपा होईल असे वाटते, पण तसे होत नाही. केंद्र शासनाने २००८ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी सेवामानके ठरवली. माणशी दिवसाला १३५ लिटर, शंभर टक्के मीटर, चोवीस तास पुरवठा आणि ज्याचे बिल होत नाही असे पाणी २० टक्क्यांच्या आत. आमच्या कट्ट्यावरच्या ‘माणशी दोनशेच्या वर’चा उगम याच मानकातल्या भागाकारात आहे.

भागाकाराला भाजक लागतो. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७,२७,६९२ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ५१० एमएलडीला जुन्या लोकसंख्येने भागले तर माणशी २९५ लिटर येतात. शहर उधळे ठरते. तीस लाख लोकसंख्या धरली तर १७० लिटर येतात. त्यांतून ३५ टक्के पाणी नळापर्यंत पोचत नाही असे धरले तर ११० उरतात. शहर तहानलेले ठरते. अंश एकच, भाजक आणि वजावट वेगळी. यांतला कुठला आकडा छापायचा हे छापणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले असते.

ही वजावटही नीट फोडायला हवी. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली पाणीपुरवठ्याचा ताळेबंद मांडण्याची एक पद्धत दिली, ती आता जगभर वापरतात. तीत हरवलेल्या पाण्याचे दोन भाग केले आहेत. एक खरेखुरे हरवलेले, म्हणजे फुटलेल्या वाहिन्या, ओसंडणाऱ्या टाक्या, सांध्यांतून झिरपणारे पाणी. दुसरे फक्त कागदावर हरवलेले, म्हणजे हळू फिरणारे मीटर, अनधिकृत जोड, चुकीची बिले. दुसऱ्या प्रकारचे पाणी कोणीतरी प्यायलेले असते, त्याने धुणेभांडी झालेली असतात. हरवला तो महसूल. पहिल्याला वाहिनी दुरुस्त करणे हा उपाय, दुसऱ्याला मीटर आणि नोंदणी. दोन्हींना मिळून ‘चाळीस टक्के गळती’ म्हटले की वस्तीतल्या अनधिकृत नळावरची बाई आणि रस्त्याखाली फुटलेली जुनी वाहिनी एकाच रकान्यात येतात. बोट मात्र बहुधा बाईकडे दाखवले जाते.

नळ ते उजनी

शहरातला माणूस समजतो, की मोरीत ओतले तिथे पाणी संपले. नदीच्या वहीत ते संपत नाही. केंद्राच्या तांत्रिक नियमावलीनुसार पुरवलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी धरतात. पिंपरीचे सांडपाणी, शुद्ध होऊन वा न होऊन, पवनेत जाते. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनीत शिरते. सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी उजनीतून जे पाणी घेतो त्यात आमच्या वसाहतीच्या मोरीचा वाटा आहे.

ही गोष्ट कृष्णा पाणीतंटा लवादाने पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालच्या या लवादाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांत अनुक्रमे ५६०, ७०० आणि ८०० टीएमसी पाणी वाटले. त्याखेरीज पुनरागत पाण्याचा वाटा वेगळा. राज्याने किती वापरले हे मोजायचे कसे, याचा नियमही घालून दिला. सिंचनासाठी वळवलेले पाणी पूर्ण धरायचे. खोऱ्यातल्या पिण्याच्या व नागरी वापरासाठी उचललेल्या पाण्याचे फक्त २० टक्के धरायचे. औद्योगिक वापराचे अडीच टक्के. आणि खोऱ्याबाहेर नेलेले पाणी शंभर टक्के. नागरी पाणी बहुतांशी नदीत परत येते, बाहेर नेलेले येत नाही, हा त्यामागचा विचार.

आता तेच ५१० एमएलडी पाहा. महापालिकेच्या वहीत वर्षाला ६.५७ टीएमसी. धरणाच्या साठ्याच्या हिशेबात ४.६६. लवादाच्या नियमाने मोजले तर ६.५७ चे २० टक्के, म्हणजे १.३१ टीएमसी. तिन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा पंप किती चालले ते सांगतो, दुसरा धरण किती उतरले ते, तिसरा नदीतून कायमचे किती गेले ते. उलट मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरते आणि वळवण-शिरोत्याचे खोपोलीला. तिथे उचल आणि कायमचा वापर हे एकच, कारण ते पाणी भीमेत परत येणार नाही.

कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेत डेव्हिड मोल्डन यांनी १९९७ मध्ये पाण्याच्या हिशेबाची जी चौकट मांडली, तिचा गाभा हाच फरक आहे: वापरलेले पाणी वेगळे आणि संपलेले पाणी वेगळे. ही चौकट हाती घेतली की आजच्या काही लोकप्रिय उपायांकडे पुन्हा पाहावे लागते. सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यावे, असे सर्व जण म्हणतात आणि ते योग्यच आहे. त्याने पिण्याचे पाणी सुटे होते. पण ते पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन गेले तर उजनीकडे तेवढे कमी जाईल. पुण्यात तर परत येणारे पाणी हिशेबात आधीच खर्ची टाकलेले आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला द्यायचे, असे ठरलेले आहे. शहरातला पुनर्वापर वाढला तर त्या साडेसहामधले किती उरेल, हा प्रश्न दोन खात्यांच्या मध्ये पडून राहतो.

आणखी एक गोष्ट या २० टक्क्यांत लपलेली आहे. लवादाने परत येणाऱ्या पाण्याचे प्रमाण धरले, पण प्रत नाही. स्वच्छ उचलून काळे परत केले तरी वहीत ते ‘परत आले’ असेच लिहिले जाते. थेरगाव-चिंचवडच्या घाटावर जलपर्णीने झाकलेली पवना पाहिली की, हा हिशेब अंकांत जुळतो आणि नदीत जुळत नाही, हे समजते. खोटे नाणे परत केले तर कर्ज फिटले असे आपण मानत नाही.

जुळवणीपत्रक कसे मांडावे

महाराष्ट्रात पाण्याचा लेखा ठेवण्याची परंपरा नाही असे नाही. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. पुढे राज्यातल्या सिंचन प्रकल्पांचे जललेखा अहवाल निघू लागले. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. पण प्रकल्पाचा लेखा धरणापाशी थांबतो, महापालिकेचा पंपघरापाशी सुरू होतो आणि प्रदूषण मंडळाचा नाल्याच्या तोंडाशी. मधले सांधे कोणाच्याच वहीत नाहीत. हवे आहे ते या वह्या जोडणारे एक पान.

ते पान मांडायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. सगळे आकडे एका मापात आणावेत; दलघमी सोयीचे. सगळे एका कालावधीचे घ्यावेत. १५ ऑक्टोबर ते ३० जून आणि उरलेला पावसाळा, असे दोन भाग करावेत. प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला, अंदाजलेला की मंजूर, हे लिहावे आणि मोजलेला असेल तर चुकीची मर्यादाही. मग वरून खाली: धरणातली उतरण, त्यातून बाष्पीभवन वजा, नदीत सोड, काठचा उपसा, इतर संस्थांची उचल, रावेतची उचल, शुद्धीकरणातली घट, वाहिन्यांतली खरी गळती, कागदी गळती, बिल झालेले पाणी, परत आलेले सांडपाणी आणि त्यातले किती शुद्ध.

शेवटी एक ओळ उरेल: न जुळलेली बाकी. ती पुसायची नाही. ऑस्ट्रेलियात २००७ च्या जल कायद्याने तिथल्या हवामान खात्याकडे राष्ट्रीय जललेख्याचे काम दिले. त्या लेख्यात ही बाकी तशीच्या तशी छापतात. आपल्याकडे ती ‘गळती’त किंवा ‘इतर’मध्ये टाकून पान स्वच्छ करण्याची सवय आहे. हिशेबनीस म्हणून सांगतो, ज्या जुळवणीपत्रकात कधीच काही उरत नाही त्याचीच मला जास्त भीती वाटते. उरलेली बाकी दरवर्षी किती होते आणि कोणत्या सांध्यात होते हे पाच वर्षे पाहिले, तर पुढचा मीटर कुठे बसवावा हे आपोआप कळेल.

हे पान मावळात आणि शहरात एकाच दिवशी, एकाच मराठीत लावले जावे. त्याने पाणी वाढणार नाही. भांडणही संपणार नाही, कारण नदीकाठच्या वांग्याला किती आणि शहरातल्या स्नानगृहाला किती, हा प्रश्न हिशेबाचा नसून न्यायाचा आहे. पण तो प्रश्न विचारताना दोघांच्या हातात एकच कागद असेल.

आमची वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते तुकोबा वाण्याच्या घरचे. वडिलोपार्जित सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. देणेकऱ्यांची सुटका करण्याचा तो त्यांचा मार्ग होता, आणि खतावर काय लिहिले आहे हे त्यांना आणि कुळाला दोघांनाही ठाऊक होते. आपण आज त्याच इंद्रायणीच्या आणि तिच्या शेजारच्या पवनेच्या देण्याघेण्यावर बसलो आहोत, आणि ते कुठे एकत्र लिहिलेले नाही. या पाडव्याला मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखले आहेत. धरण, नदी, रावेत, नळ, मोरी, उजनी. अर्ध्याहून अधिक रकाने अजून रिकामे आहेत.